‘पूर्वी’ आणि ‘नंतर’ यांच्यामधली कोरी जागा

बसथांब्यावरील फलक असो, वृत्तपत्राची रविवारची पुरवणी असो की हातातल्या मोबाईलचा पडदा असो, एक जाहिरात सर्वत्र सारखीच दिसते. डावीकडे पोट सुटलेला, खांदे पाडून उभा राहिलेला, उदास चेहऱ्याचा माणूस. उजवीकडे तोच माणूस भरदार छातीचा, ताठ आणि हसरा. एका चित्राखाली ‘पूर्वी’ आणि दुसऱ्याखाली ‘नंतर’ असे शब्द छापलेले असतात. त्याखाली ‘अवघ्या नव्वद दिवसांत’ अशी ग्वाही आणि प्रवेशशुल्काचा आकडा. व्यायामशाळा, पूरक आहाराची भुकटी, वजन उतरविण्याची केंद्रे, घरबसल्या सल्ला देणारे प्रशिक्षक, या साऱ्यांच्या जाहिरातीचा मुख्य आधार आज छायाचित्रांची ही जोडी झाला आहे.

ही छायाचित्रे खरी की बनावट, एवढाच प्रश्न बहुधा विचारला जातो. तो रास्त आहे, परंतु अपुरा आहे. दोन्ही छायाचित्रे अस्सल असतील, एकाच माणसाची असतील, त्यांवरील तारखाही बरोबर असतील, आणि तरीही जाहिरात खोटी असू शकते. ‘एवढे पैसे भरले की आपलेही असेच होईल’ हे अनुमान ग्राहक विकत घेत असतो. ते अनुमान खरे की खोटे हे ठरविण्यासाठी लागणारी सारी माहिती दोन छायाचित्रांच्या मधल्या कोऱ्या जागेत असते, आणि ती जागा जाणूनबुजून कोरी ठेवलेली असते.

प्रथम सरळसरळ लबाडीचा विचार करू. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००२ साली वजन घटविण्याच्या ३०० जाहिरातींची छाननी करून एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यांपैकी सुमारे ४० टक्के जाहिरातींत निदान एक तरी विधान जवळजवळ निश्चितपणे खोटे होते. ‘पूर्वी’च्या छायाचित्रात माणूस कसा उभा असतो आणि ‘नंतर’च्या छायाचित्रात कसा, याचीही नोंद त्या अहवालाने घेतली. पहिल्या चित्रात बेढब उभे राहणे, विस्कटलेले केस, गबाळे कपडे आणि निस्तेज कातडी. दुसऱ्यात हास्य, ताठ कणा आणि नीटनेटका पोशाख. म्हणजे शरीरातला बदल कमी पडला, तर तो प्रकाशयोजनेने, कपड्यांनी आणि श्वास आत ओढून भरून काढायचा. २००८ साली ख्रिस बेल या अमेरिकन चित्रपटकाराने ‘बिगर, स्ट्राँगर, फास्टर’ या माहितीपटात ही करामत करूनच दाखविली. ‘पूर्वी’ आणि ‘नंतर’ ही स्वतःची दोन्ही छायाचित्रे त्याने एकाच दिवशी काढून घेतली. रोजंदारीवरच्या मजुरांना घरी बोलावून त्याने आपले स्वतःचे ‘पूरक औषध’ही भरून घेतले, त्या कॅप्सुलांतला मुख्य ऐवज तांदळाचे पीठ हा होता. लोकांना एवढ्या सहजपणे फसविता येते, हे त्यातून उघड झाले.

परंतु बनावट छायाचित्रे पकडणे तुलनेने सोपे आहे. खरी छायाचित्रे खोटे कसे बोलतात, याचे उदाहरण त्याहून जुने आणि अधिक बोधप्रद आहे. मे १९७३ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो राज्य विद्यापीठात एक प्रयोग झाला. नॉटिलस या व्यायामयंत्रांचा जनक आर्थर जोन्स हा त्याचा सूत्रधार. केसी व्हिएटर नावाच्या तरुणाने अवघ्या २८ दिवसांत या यंत्रांवर व्यायाम करून सुमारे २०.५ किलो वजन वाढविले. चरबी घटल्याचा हिशेब धरता २८ किलोंहून अधिक स्नायू वाढल्याचा दावा करण्यात आला. आधीची आणि नंतरची छायाचित्रे पाहणारा थक्क व्हावा अशीच होती, आणि ती बनावटही नव्हती. मात्र हा तरुण १९७१ साली, वयाच्या १९ व्या वर्षी, ‘मिस्टर अमेरिका’ झालेला होता. १९७३ च्या जानेवारीत एका अपघातात त्याच्या बोटाचा तुकडा गेला, पुढे धनुर्वातावरील इंजेक्शनाची तीव्र प्रतिक्रिया होऊन तो मरता मरता वाचला आणि त्याचे वजन कमालीचे उतरले. डिसेंबर १९७२ मध्ये सुमारे ९१ किलो असणारा हा मल्ल प्रयोगाच्या आरंभी ७६ किलोंवर आलेला होता. २८ दिवसांनंतर तो ९६ किलोंचा झाला. वाढीचा मोठा भाग म्हणजे गमावलेले परत मिळविणे होते. जोन्सने हा तपशील लपविला नव्हता; प्रयोगाच्या वृत्तांतात तो आहे. पण वृत्तांत वाचणारे थोडे आणि छायाचित्रे पाहणारे अनेक. ‘पूर्वी’ हा क्षण कोणता निवडायचा, हे जाहिरातदाराच्या हाती असते, आणि तो क्षण खाली ढकलला की ‘नंतर’ आपोआप उंच दिसतो.

पैशाचा प्रश्न याच्या पुढचा. २००७ च्या जानेवारीत झेनाड्रीन नावाच्या गोळीच्या विक्रेत्यांनी त्याच अमेरिकन आयोगाशी तडजोड करून किमान ८० लाख डॉलर भरण्याचे मान्य केले. आयोगाच्या तक्रारीत असे म्हटले होते की, जाहिरातीत मिरविलेल्या ‘सामान्य ग्राहकांनी’ कडक पथ्य पाळून आणि व्यायाम करून वजन उतरविले होते, आणि त्यांना १ हजारापासून २० हजार डॉलरपर्यंत मोबदला मिळाला होता. विक्रेत्यांनीच करविलेल्या दहा आठवड्यांच्या एका चाचणीत गोळी घेणाऱ्यांचे वजन सरासरी दीड पौंड उतरले, आणि नुसती बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांचे अडीच पौंड! घाम माणसाने गाळायचा आणि श्रेय बाटलीने घ्यायचे, असा हा व्यवहार. श्रमिकांच्या चळवळीतील कार्यकर्त्यांना तो अपरिचित वाटण्याचे कारण नाही. श्रम झाकून वस्तूच्या अंगी चमत्कारिक शक्ती असल्याचा आभास निर्माण करणे ही बाजाराची जुनी रीत आहे. येथे फरक इतकाच की, झाकलेले श्रम ग्राहकाचे स्वतःचेच आहेत.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. समजा, एखाद्या व्यायामशाळेत वर्षभरात एक हजार माणसांनी नाव घातले. त्यांतील काही पहिल्या महिन्यातच गळाले, काही रेंगाळले, बऱ्याच जणांत थोडा फरक पडला आणि पाच-दहा जणांचा कायापालट झाला. भिंतीवर छायाचित्रे लागतात ती या पाच-दहांची. त्यांतले प्रत्येक चित्र खरे आहे, पण उरलेल्या नऊशे नव्वदांचे चित्र कोठेच नाही. लॉटरीच्या दुकानावर फक्त विजेत्यांची नावे टांगावीत तसा हा प्रकार. कोणत्याही संख्याशास्त्राच्या प्राथमिक वर्गात असा नमुना सादर करणाऱ्या विद्यार्थ्याला नापास करतात. जाहिरातीच्या धंद्यात त्याला बढती मिळते.

गळालेल्यांचे काय होते, हेही पाहिले पाहिजे. स्टेफानो डेलाविन्या आणि उलरिके माल्मेंडियर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००६ साली अमेरिकेतील तीन व्यायामकेंद्रांच्या ७ हजारांहून अधिक सभासदांच्या हजेरीचा अभ्यास प्रसिद्ध केला. मासिक वर्गणीदार दरमहा ७० डॉलरहून अधिक भरीत आणि महिन्यातून सरासरी जेमतेम चार-साडेचार वेळा येत. एका खेपेचा खर्च त्यांना १७ डॉलरहून अधिक पडे. वर्गणी न भरता दहा खेपांचा पास घेऊन दर खेपेला १० डॉलर देण्याची सोय त्याच केंद्रांत होती. सभासद आपल्या भावी निश्चयाविषयी अवाजवी आशावादी असतात, असा या अभ्यासाचा निष्कर्ष होता. आगाऊ वर्गणी घेऊन चालणाऱ्या व्यायामकेंद्राला न येणारा सभासद नकोसा नसतो. यंत्रे झिजत नाहीत, जागा अडत नाही आणि पैसे जमा झालेले असतात. छायाचित्रांची जोडी ज्या आशेला खतपाणी घालते, त्याच आशेवर ही कमाई चालते.

आणि फसलेला माणूस तक्रार करीत नाही, ही या व्यवहारातील सर्वांत क्रूर गोष्ट. मिठाईत भेसळ निघाली तर ग्राहक दुकानदाराशी भांडतो. येथे मात्र जाहिरातीने त्याला आधीच पढविलेले असते की, भिंतीवरच्या माणसाला जमले, तुला जमले नाही, तर उणीव तुझ्या निश्चयात आहे. तो खजील होऊन घरी बसतो आणि पुढच्या जानेवारीत पुन्हा पैसे भरतो. ज्याने लुबाडले त्याच्याऐवजी लुबाडला गेलेला स्वतःला दोष देत असेल, तर लुबाडणाऱ्याला आणखी काय हवे?

या ‘निश्चया’ची आर्थिक बाजू उकलून दाखविणे हे समाजवादी विचाराचे काम आहे. शरीर घडते ते वेळेने, आहाराने आणि विश्रांतीने. या तिन्ही गोष्टी समाजात सारख्या वाटलेल्या नाहीत. महाराष्ट्रातल्या तालमीला हे पक्के ठाऊक होते. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात कुस्ती बहरली, १९१२ साली खासबाग मैदान उभे राहिले. तेथे पैलवानाचे शरीर पाहून कोणी थक्क झाला, तर त्याचा पुढचा प्रश्न असे तो खुराकाचा: दूध किती, तूप किती, बदाम किती आणि हे सारे देतो कोण? गावाने वर्गणी काढून पैलवान पोसला, तर ते गावाला अभिमानाने सांगता येई. शरीरामागचा खर्च झाकण्याची कल्पनाही तालमीला सुचली नाही. आजच्या जाहिरातीत मात्र खुराक अदृश्य झाला आहे, आणि तो पुरविणारा हातही.

बारा तासांची पाळी करणाऱ्या सुरक्षारक्षकाला, लोकलमध्ये रोज तीन-चार तास घालविणाऱ्या कारकुनाला, दोन घरची धुणीभांडी करून स्वतःच्या घरी चूल पेटविणाऱ्या बाईला ते नव्वद दिवस कोठून मिळणार? केंद्र सरकारच्या २०२४ च्या कालविनियोग पाहणीनुसार बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रीचे त्यात दिवसाकाठी २८९ मिनिटे जातात. असे काम करणाऱ्या पुरुषाची ८८. ‘रोज एक तास स्वतःसाठी काढा’ हा जाहिरातीतील उपदेश या दोनशे मिनिटांच्या फरकाविषयी अवाक्षर काढीत नाही. शिवाय २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २४ टक्के स्थूल किंवा अतिवजनी आढळल्या, तर जवळजवळ १९ टक्के प्रमाणाहून कृश, आणि ५७ टक्के रक्तक्षयी. एकाच देशातल्या या तिन्ही स्त्रियांना एकाच ‘नंतर’चे चित्र दाखवून निश्चयाचा धडा देणे म्हणजे त्यांच्या परिस्थितीची थट्टा करणे होय.

या टीकेवर एक आक्षेप येईल आणि त्याची दखल घेतली पाहिजे. अशा छायाचित्रांनी काही लोकांना उमेद येते, त्यांची पावले व्यायामाकडे वळतात, हे खोटे नाही. कर्ज काढून यंत्रे घेतलेला लहान व्यायामशाळाचालक आणि तुटपुंज्या पगारावर राबणारा प्रशिक्षक यांच्या पोटावर पाय देण्याचाही हेतू असू नये. पण नुकसान कोणाचे होते ते पाहावे. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली दाखवून दिले की, ज्या बाजारात ग्राहकाला चांगला माल आणि वाईट माल यांतला फरक कळत नाही, तेथे वाईट माल चांगल्याला हुसकून लावतो. ‘सहा महिने नियमित आलात तर चार-पाच किलो उतरतील, दम लागणार नाही, झोप लागेल’ असे सांगणारा प्रामाणिक प्रशिक्षक नव्वद दिवसांच्या चमत्कारासमोर टिकत नाही. त्याला एक तर तसेच फलक लावावे लागतात किंवा दुकान बंद करावे लागते. तेव्हा प्रामाणिकपणाचा कायदेशीर आग्रह हा लहान व्यावसायिकाच्या विरोधात जात नाही, उलट त्याचे रक्षण करतो.

मग प्रामाणिक ‘पूर्वी’ आणि ‘नंतर’ असते तरी कसे? त्याची उदाहरणे वैद्यकशास्त्रात आहेत. अमेरिकेत मधुमेहाचा धोका असलेल्या ३ हजार २३४ व्यक्तींची पाहणी करून २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आहार-व्यायामाचे मार्गदर्शन मिळालेल्या गटाचे वजन सरासरी ५.६ किलो उतरले. एवढ्याने कोणाचे छायाचित्र भिंतीवर लागत नाही. पण त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. २००६ साली प्रसिद्ध झालेली चेन्नईची पाहणी तर याहूनही बोलकी आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ भारतीयांचा त्यात समावेश होता. तीन वर्षांत, विशेष मार्गदर्शन न मिळालेल्या गटातील ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. चालण्याचा व आहाराचा सल्ला मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९.३ टक्के राहिले. आणि त्या दुसऱ्या गटाच्या वजनात म्हणण्यासारखी घट झालीच नव्हती! त्यांची आधीची आणि नंतरची छायाचित्रे शेजारी ठेवली असती, तर कोणालाही फरक दिसला नसता. या दोन्ही पाहण्यांत नाव घातलेल्या प्रत्येकाचा हिशेब होता, मध्येच सोडून गेलेल्यांचा उल्लेख होता, आणि काहीच विशेष न केलेल्यांशी तुलना होती. भिंतीवरच्या जोडीत या तिन्हींपैकी एकही गोष्ट नसते.

कायदा काय करतो? १९५४ चा औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा कायदा स्थूलतेवरील औषधांच्या जाहिरातीस मनाई करतो. पण व्यायामशाळेचे वर्ग त्याच्या कक्षेत येत नाहीत. १९८५ साली स्थापन झालेली जाहिरात मानक परिषद ही जाहिरात व्यवसायाने स्वतःच उभारलेली आणि स्वेच्छेवर चालणारी संस्था आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केंद्रीय प्राधिकरण निर्माण केले आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस पहिल्या वेळी १० लाख व पुढे ५० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. २०२२ च्या मार्गदर्शक नियमांनुसार खुलासा हा दाव्याच्याच भाषेत आणि त्याच टंकात असला पाहिजे, म्हणजे मराठी दाव्याखाली इंग्रजीतली मुंगीएवढी तळटीप चालणार नाही. २०२५ साली या प्राधिकरणाने चरबी घटविण्याच्या यंत्रोपचाराच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल व्हीएलसीसी आणि काया या दोन कंपन्यांना प्रत्येकी ३ लाख रुपये दंड केला. कायाच्या प्रकरणात आधीच्या आणि नंतरच्या छायाचित्रांचाही उल्लेख होता. पाऊल स्वागतार्ह आहे. पण शहरोशहरी केंद्रे चालविणाऱ्या कंपनीला ३ लाख रुपये हा दंड वाटेल की जाहिरातखर्चातील एक किरकोळ बाब, याचे उत्तर द्यायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

परदेशांतील कायद्यांतून काही शिकता येईल. संगणकाने फेरफार केलेल्या शरीराचे चित्र जाहिरातीत वापरल्यास तसे लिहिणे नॉर्वेने जुलै २०२२ पासून बंधनकारक केले. हे चांगले आहे, पण त्याने फक्त बनावट चित्र पकडले जाते. अमेरिकेच्या २००९ च्या सुधारित नियमांनी अधिक नेमके बोट ठेवले. पूर्वी ‘असा परिणाम सर्वांना येईलच असे नाही’ एवढे छापले की जाहिरातदाराची सुटका होई. ती पळवाट बंद करून, सर्वसाधारण ग्राहकाला काय परिणाम अपेक्षित आहे ते स्पष्ट सांगावे, अशी अपेक्षा त्या नियमांनी ठेवली. भारतातील नियमांनी हेच सूत्र उचलून त्याला संख्येची जोड दिली पाहिजे.

मागणी साधी आहे. जो कोणी ‘पूर्वी’ आणि ‘नंतर’ची छायाचित्रे छापेल, त्याने त्यांच्या मध्येच, त्याच अक्षरांत पुढील गोष्टी छापाव्यात: दोन्ही छायाचित्रांच्या तारखा, त्या काळात नाव घातलेल्यांची आणि शेवटपर्यंत टिकलेल्यांची संख्या, सर्वांचा सरासरी परिणाम, चित्रातील व्यक्तीला मोबदला मिळाला काय, आणि तिने औषध, शस्त्रक्रिया वा अन्य उपाय केले होते काय. दंड हा ठरावीक रकमेऐवजी जाहिरातीवरील खर्चाच्या पटीत असावा. मुदतीआधी सोडणाऱ्या सभासदाला उरलेली वर्गणी परत मिळण्याचा हक्क असावा. आणि नगरपालिका, महानगरपालिकांनी मोडकळीस आलेल्या सार्वजनिक व्यायामशाळा, मैदाने आणि बागा दुरुस्त करून स्त्रियांना सोयीच्या वेळा राखून त्या खुल्या कराव्यात, म्हणजे व्यायाम ही वर्गणी भरू शकणाऱ्यांचीच मिरास राहणार नाही.

कार्यकर्त्यांनाही यात काम आहे. आपल्या वॉर्डातील अशा फलकांची छायाचित्रे काढून, तारीख-पत्ता नोंदवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. वर्गणी बुडालेल्या तरुणांना एकत्र आणता येते, आणि ज्याला तो एकट्याचा नाकर्तेपणा समजत होता ती अनेकांची एकसारखी फसवणूक आहे, हे त्याला दाखवून देता येते. हेच माप इतरत्रही लावण्याची सवय मग जडेल. योजनेपूर्वीचे गाव आणि योजनेनंतरचे गाव अशी सरकारी जाहिरात झळकली, किंवा आपल्याच संघटनेच्या अहवालात यशस्वी लढ्याची तेवढी छायाचित्रे आली, तरी प्रश्न तेच विचारायचे: एकूण किती होते, किती टिकले, सरासरी काय झाले, आणि मधल्या काळाचा हिशेब कोठे आहे?